आठ बाइटांचा अडसर

तेल्हाऱ्यात झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाइन फॉर्म भरायला गेलेल्या माणसाला हा प्रकार नवा नाही. कंप्युटरवर यूट्यूब धडाक्यात चालतं, गूगल उघडतं आणि नेमकी हवी ती साइट नुसती फिरत राहते. ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या.’ पण तीच साइट मोबाइलच्या डेटावर उघडत असेल, तर सर्व्हर ठणठणीत आहे. घोळ वाटेत आहे.

सोप्या गोष्टी आधी. मदरबोर्डवरची रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी संपली की तारीख मागे जाते, आणि साइटचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही असं समजून ब्राउझर दार लावून घेतो. पण तेव्हा गूगलही अडतं. नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस व्यवस्था (पॉल मॉकापेट्रिस, १९८३) रुसली असेल, तर राउटरमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून पाहावं. फायरवॉलचा संशय असेल, तर ती दोन मिनिटं बंद ठेवावी. नंतर चालू करायचं लोक हमखास विसरतात.

एवढं करूनही साइट फिरतच राहिली, तर गोष्ट रंगतदार होते.

इथरनेटवर एका खेपेत जास्तीत जास्त १५०० बाइट जातात. हा आकडा १९८० पासूनचा. ज्या ब्रॉडबँडच्या राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड भरावा लागतो, तिथे बहुधा पीपीपीओई ही १९९९ ची पद्धत असते. ती प्रत्येक खेपेला आपली ८ बाइटांची चिठ्ठी जोडते. उरले १४९२. जिनिंगच्या फाटकाची कमान वीतभर खाली आली, असं समजा. हलक्या गाड्या सुखरूप जातात, कापूस गच्च भरलेली अडते. आपली लहानशी विनंती साइटपर्यंत पोचते. तिचं भरगच्च उत्तर परतीच्या वाटेवर टाकून दिलं जातं.

याची तरतूद जेफ्री मोगल आणि स्टीव्ह डीअरिंग यांनी १९९० सालीच केली होती. अडवणाऱ्या राउटरने आयसीएमपी या निरोपांच्या पद्धतीने कळवायचं: गाडी जात नाही, भरती कमी करा. पण ‘पिंग’ ही चाचणीची हाकही आयसीएमपीनेच जाते. १९९६-९७ च्या सुमारास ‘पिंग ऑफ डेथ’ या घातक पिंगने कंप्युटर बंद पडू लागले, आणि धास्तावलेल्या कित्येक फायरवॉलवाल्यांनी आयसीएमपी सरसकट बंद करून टाकलं. चोराबरोबर पोस्टमनही वेशीबाहेर! सर्व्हर बिचारा तीच गाडी पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. मग यूट्यूब कसं सुटतं? गूगलने काढलेली ‘क्विक’ पद्धत १२०० बाइटांच्या आसपासची भरती धरून निघते.

परीक्षा सोपी आहे. विंडोजच्या काळ्या खिडकीत पिंग करताना खेप फोडायची नाही, अशी अट घालायची. १४६४ बाइटांच्या पिंगला उत्तर आलं आणि १४७२ ला नाही, तर निदान पक्कं. वेष्टनाचे २८ बाइट धरले की बेरीज १४९२ आणि १५०० होते. मग राउटरच्या पानावर, बहुधा १९२.१६८.१.१ वर, वॅनच्या रकान्यात जायचं (तेल्हाऱ्याची वान नदी वेगळी!). तिथे एमटीयू (खेपेची कमाल मर्यादा) १४९२ करायचा, आणि एमएसएसचा (खेपेतल्या निव्वळ मालाचा) रकाना असेल तर १४५२ लिहायचं. हा दुसरा आकडा जोडणी होतानाच साइटला कळवला जातो. दूरची फायरवॉल चुकीची ती चुकीचीच राहते. आपल्या गाड्या मात्र तिकडूनच कमी भरून निघतात.