‘कुणा एकाची’ मोकळी जागा

गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ वाचून नर्मदा परिक्रमेची ओढ लागली, असे सांगणारे मराठी वाचक आजही भेटतात. या कादंबरीत असे काय आहे?

पहिले कारण शीर्षकातच सापडते. दांडेकर स्वतः नर्मदाकाठ चालले होते. तरी गाथा ‘माझी’ नाही, ‘कुणा एकाची’ आहे. त्या मोकळ्या जागी वाचक नकळत स्वतःला बसवतो.

दुसरे कारण व्यावहारिक आहे. मनातली इच्छा बहुधा धूसर असते. ‘एकदा सगळे सोडून निघावे’, एवढीच. कादंबरी तिला अंग देते. परिक्रमेत नर्मदामाई उजव्या हाताला ठेवायची, तिचे पात्र मध्येच ओलांडायचे नाही, भिक्षेवर वा सदावर्तावर भागवायचे. भूक, थंडी, अनोळखी ओसरी यांतून इच्छेची किंमत कळते. आणि किंमत कळली की ती आपल्याला परवडेल का, याचा हिशेब माणूस मांडू लागतो. स्वप्नाचा बेत होतो तो इथे.

मात्र ‘निवृत्तीनंतर पाहू’ म्हणणाऱ्याने एक ध्यानात घ्यावे. शूलपाणीच्या झाडीतली बरीचशी जुनी वाट, काठची गावे आणि शूलपाणेश्वराचे जुने मंदिर सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेले. तिथे आता वळसा घालून जावे लागते. कादंबरीतली वाट शाबूत आहे, काठावरची तशी उरलेली नाही. ज्याला ओढ लागली आहे, त्याने निघण्याची तारीख ठरवलेली बरी.