सहा पांढऱ्या वाट्या, एक काळी

बोलताना आकडे निसटतात, म्हणून या भागातले आकडे इथे नीट लिहून देतोय.

जळगाव-धुळ्याकडच्या गावांत पावसाळा आला की टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरची चर्चा सुरू होते. टाकीत किती टाकायची? बऱ्याचदा उत्तर एकच, ‘अंदाजाने’. कमी पडली तर गॅस्ट्रो. जास्त पडली तर असा उग्र वास की बायामाणसं नळाचं पाणी ओतून देतात आणि सरळ जुन्या विहिरीवर जातात.

नेमका हाच पेच पहिल्या महायुद्धात सैन्यापुढे होता. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, आपल्या मराठा पलटणीही लढत होत्या. कूटच्या वेढ्यात (१९१५-१६) त्या अडकल्या, प्यायला तैग्रिस नदीचं पाणी. छावणीत प्रयोगशाळा कुठून आणणार? विल्यम हॉरॉक्स या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने यावर एक पेटी काढली, रणांगणावर कुणालाही वापरता येईल अशी.

पेटीत सहा पांढऱ्या वाट्या आणि एक काळी. काळ्या वाटीत एक सपाट चमचा (२ ग्रॅम) पावडर पाण्यात कालवायची, खुणेपर्यंत पाणी भरायचं, ढवळून निवळू द्यायचं. पांढऱ्या वाट्यांत तपासायचं पाणी. पहिल्या वाटीत त्या निवळीचा १ थेंब, दुसरीत २, असं सहावीत ६. अर्धा तास थांबायचं. मग प्रत्येकीत स्टार्च-आयोडाइडचे ३ थेंब. क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी निळं होतं. स्पष्ट निळी झालेली पहिली वाटी तिसरी असेल, तर ४५५ लिटरला ३ चमचे, म्हणजे ६ ग्रॅम. ५०,००० लिटरच्या टाकीला साधारण ६६० ग्रॅम. झालं गणित!

मला यातली खरी हुशारी वेगळीच वाटते. ही पेटी पाण्याबरोबर पावडरही तपासते. पोतं उघडं राहिलं, आपल्या उन्हात तापलं, की पावडरीतला क्लोरीन उडतो. ताज्या पावडरीत तो साधारण ३३ टक्के असतो. जुनी पावडर असेल तर निळा रंग पुढच्या वाटीत सरकतो, चमचे आपोआप वाढतात. गिरणेला किंवा पांझरेला पूर आल्यावरही तेच, कारण पाण्यातली घाणच क्लोरीन खाऊन टाकते. म्हणजे उन्हाळ्यातलं माप श्रावणात चालत नाही. गढूळ पाणी आधी निवळून घ्यायचं, मग वाट्या मांडायच्या.

आरोग्यसेवकांच्या प्रशिक्षणात ही पेटी आजही शिकवतात. तुमच्या उपकेंद्रात आहे का, विचारून बघा. आणि हो, पावडर मिसळल्यावर किमान १ तास नळ सोडायचा नाही.