विश्लेषण : चीनने गौरवलेल्या झांग गुइमेई कोण? डोंगरातल्या मुलींसाठी वेगळी शाळा का काढावी लागली?

चीनच्या कम्युनिस्ट पक्षाने शताब्दीच्या निमित्ताने २९ जून २०२१ रोजी २९ जणांना ‘एक जुलै पदक’ प्रदान केले. पक्षाचा हा सर्वोच्च सन्मान त्या दिवशी पहिल्यांदाच दिला गेला. सर्व मानकऱ्यांच्या वतीने बोलण्याचा मान मिळाला तो युनान प्रांतातल्या एका मुख्याध्यापिकेला. झांग गुइमेई हे त्यांचे नाव. दोन्ही हातांच्या बोटांना औषधी पट्ट्या गुंडाळलेले त्यांचे छायाचित्र चीनभर पोहोचले. दुर्गम डोंगरातल्या मुलींना बारावीपर्यंत आणि तिथून विद्यापीठापर्यंत नेणारी शाळा, ही त्यांची ओळख.

झांग गुइमेई कोण आहेत?

झांग यांचा जन्म १९५७ सालचा, चीनच्या ईशान्य टोकाच्या हेलाँगजियांग प्रांतातला. त्या स्वतः मांचू या अल्पसंख्याक समाजाच्या. वयाच्या १७व्या वर्षी त्या हजारो किलोमीटर दूर असलेल्या युनानमध्ये आल्या आणि पुढे शिक्षिका झाल्या. १९९६ मध्ये पतीचे कर्करोगाने निधन झाल्यावर त्यांनी लिजियांग भागातल्या हुआपिंग येथे बदली घेतली. वर्षभरातच त्यांना गर्भाशयाच्या गाठीचे निदान झाले, तेव्हा उपचारासाठी तिथल्या लोकांनीच वर्गणी काढली. या लोकांचे ऋण फेडायचे, असे तेव्हाच ठरवल्याचे त्या सांगतात. २००१ मध्ये तिथल्या अनाथाश्रमाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. त्यांना स्वतःचे मूल नाही, मात्र आश्रमातली मुले त्यांना आईच म्हणतात.

मुली शाळा का सोडत होत्या?

चीनमध्ये सरकारी मान्यतेनुसार ५६ वांशिक समाज आहेत. २०२० च्या जनगणनेनुसार हान समाजाचे प्रमाण ९१ टक्क्यांहून अधिक, तर उरलेले ५५ समाज मिळून ९ टक्क्यांच्या आत. युनान हा या दृष्टीने सर्वांत वैविध्यपूर्ण प्रांतांपैकी एक. हुआपिंगच्या डोंगरवस्त्यांत यी, लिसू अशा समाजांची कुटुंबे राहतात.

चीनमध्ये नऊ वर्षांचे शिक्षण सक्तीचे आणि मोफत आहे. अडचण सुरू होते ती त्यानंतर. नववीच्या पुढे जाण्यासाठी प्रवेश परीक्षेचा अडसर आणि वर शुल्काचा बोजा. डोंगरात शाळा लांब, म्हणजे वसतिगृहाचा खर्च वेगळाच. घरात पैसा एकाच्याच शिक्षणापुरता असेल, तर तो मुलावर खर्च व्हायचा. मुलगी शेतात, कारखान्यात किंवा सासरी जायची.

झांग यांच्या वर्गातूनही मुली अशाच एकेक करून गायब होत होत्या. हातात विळा आणि शेजारी टोपली घेऊन डोंगरावर एकटीच बसलेली एक मुलगी त्यांना भेटली. हुंड्याच्या उलट, वरपक्षाकडून मिळणाऱ्या ३० हजार युआनसाठी आईवडिलांनी तिचे लग्न ठरवले होते. हा प्रसंग झांग यांनी अनेकदा सांगितला आहे.

सवलती असूनही अडचण का?

अल्पसंख्याक समाजांतील विद्यार्थ्यांना विद्यापीठ प्रवेश परीक्षेत वाढीव गुण देण्याची पद्धत चीनच्या अनेक प्रांतांत दीर्घकाळ राहिली. अलीकडे ती आवरती घेतली जात आहे. पण ही सवलत परीक्षेला बसणाऱ्यांसाठी आहे. जी मुलगी नववीनंतरच घरी बसली, तिला विद्यापीठाच्या दारातल्या वाढीव गुणांचा काय उपयोग? झांग यांनी नेमकी हीच मधली तीन वर्षे हेरली.

शाळा कशी उभी राहिली?

२००२ पासून पाच वर्षे सुट्ट्यांमध्ये झांग प्रांताची राजधानी कुनमिंग येथे जाऊन रस्त्यावर मदत मागत होत्या. अनेकांनी त्यांना भोंदू ठरवले. पाच वर्षांत हाती आले सुमारे १० हजार युआन. २००७ मध्ये पक्षाच्या १७व्या महाअधिवेशनाच्या प्रतिनिधी म्हणून त्या बीजिंगला गेल्या. त्यांच्या फाटक्या जीन्सकडे एका महिला पत्रकाराचे लक्ष गेले, बोलणे झाले आणि मुलींच्या शाळेच्या स्वप्नाची बातमी देशभर पोहोचली. त्यानंतर लिजियांग आणि हुआपिंग प्रशासनांनी प्रत्येकी १० लाख युआन दिले.

सप्टेंबर २००८ मध्ये १०० मुलींना घेऊन शाळा सुरू झाली. मुलींसाठीची, पूर्णपणे मोफत असलेली ही चीनमधली पहिली सरकारी उच्च माध्यमिक शाळा. गुणांची अट नव्हती. घरची गरिबी हाच निकष. सुरुवातीला एकच इमारत होती आणि सोयींची वानवा. सहा महिन्यांत १७ पैकी नऊ शिक्षक सोडून गेले.

निकाल काय लागला?

२०११ मध्ये पहिल्या तुकडीतल्या ९६ मुलींनी विद्यापीठ प्रवेश परीक्षा दिली आणि सगळ्यांना उच्च शिक्षणाची संधी मिळाली. ‘एक जुलै पदक’ मिळेपर्यंत अशा मुलींची संख्या १,८०० च्या पुढे गेली होती. त्यांतल्या अनेक जणी डॉक्टर, शिक्षिका, पोलीस अधिकारी झाल्या. काही जणी शिक्षिका होऊन याच शाळेत परतल्या.

या आकड्यांमागे घरभेटी आहेत. मुलगी सुट्टीनंतर परत येईल की नाही, हे घरच्यांवर अवलंबून असल्याने झांग दर सुट्टीत डोंगर तुडवत एकेका घरी जात. हा प्रवास १ लाख किलोमीटरहून अधिक भरला. पुरस्कारांची रक्कम आणि पगाराचा मोठा भागही त्यांनी शिक्षणासाठी व गरजूंसाठी दिला.

टीका कशावर होते?

शाळेची शिस्त अत्यंत कडक आहे. पहाटे साडेपाचला उठायचे, मध्यरात्रीनंतर झोपायचे, जेवणाला मोजकी मिनिटे. हे शिक्षण की घोकंपट्टी, असा प्रश्न चीनमध्येही विचारला गेला. झांग यांचे उत्तर असे, की शहरातल्या मुलांना मिळते ते या मुलींना मिळालेले नाही. परीक्षा मात्र दोघांना एकच आहे.

२०२० मध्ये आणखी एक वाद झाला. नोकरी न करता गृहिणी झालेल्या एका माजी विद्यार्थिनीची देणगी त्यांनी नाकारली. मुलीने स्वतःच्या पायावर उभे राहावे, हा त्यांचा आग्रह काहींना पटला. घर सांभाळण्याची निवड कमी का लेखायची, असे इतरांनी विचारले.

सन्मानाने काय बदलले?

चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये अतिदारिद्र्य संपल्याची घोषणा केली, तेव्हा दारिद्र्य निर्मूलनातल्या आदर्श व्यक्तींमध्ये झांग यांचा गौरव झाला. त्यांच्यावर २०२३ मध्ये चित्रपट आला, २०२४ मध्ये मालिका. शाळेला प्रतिष्ठा आणि मदत मिळाली. मात्र या गौरवात भर राहिला तो त्यांच्या आजारपणावर आणि त्यागावर. ज्या कारणाने शाळा काढावी लागली ते कारण, म्हणजे नववीनंतरचा खर्च आणि अंतर, त्यामुळे काहीसे मागे पडले. एक शिक्षिका प्रकृतीची पर्वा न करता हजारो मुलींसाठी ही दरी भरून काढू शकते, हे हुआपिंगने दाखवले. पण प्रत्येक डोंगराला झांग गुइमेई मिळणार नाही. तिथे मोफत शाळा आणि वसतिगृह हेच मुलींना बारावीपर्यंत टिकवू शकते.