नाथांची शांती : दुबळेपणा नव्हे, सामर्थ्य

फाल्गुन वद्य षष्ठी हा महाराष्ट्राच्या भक्तिजीवनातील एक महापर्वकाळ होय. शके १५२१ मध्ये याच तिथीला शांतिब्रह्म श्रीएकनाथमहाराजांनी पैठण येथे गोदामाईच्या पात्रात देह ठेवला. सद्गुरू जनार्दनस्वामींची पुण्यतिथीही हीच. या दिवशी दिंड्या पैठणास येतात, टाळमृदंगांचा गजर होतो, नाथांच्या शांतीचे गोडवे गायिले जातात. परंतु ही शांती म्हणजे नेमके काय, याचा विचार आपण करतो का?

गोदास्नान करून परतणाऱ्या नाथांवर एक द्वेष्टा वाटेत पुनःपुन्हा थुंकत असे, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. नाथ प्रत्येक वेळी शांतपणे माघारी वळत आणि पुन्हा स्नान करीत. असे १०८ वेळा घडले, तेव्हा तो मनुष्यच थकला आणि चरणी शरण आला, असे परंपरा सांगते. या कथेतील एक मर्म मात्र सहसा निसटते. नाथांनी हात उगारला नाही, हे खरे. पण त्यांनी स्नानही सोडले नाही, वाटही बदलली नाही. भित्रा मनुष्य दुसऱ्या दिवसापासून आडवाटेने गेला असता. क्रोधी मनुष्याचे स्नान बाजूला राहून भांडणच त्याचे नित्यकर्म झाले असते. नाथांनी आपला नेम द्वेष्ट्याच्या हाती दिला नाही. क्षमा म्हणतात ती हीच!

या क्षमेचे शास्त्र श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात आहे. नाथांनी या स्कंधावर १८,००० हून अधिक ओव्यांची टीका लिहून ती शके १४९५ मध्ये वाराणसी येथे पूर्ण केली. त्याच्या तेविसाव्या अध्यायात भिक्षुगीत येते. अवंती नगरीतील एक ब्राह्मण अतिशय धनाढ्य, पण तितकाच कंजूष. काही धन आप्तांनी नेले, काही चोरांनी, काही राजाने. उरलेले कालगतीने गेले. तेव्हा विरक्त होऊन तो संन्यासी झाला. लोक त्याचा दंड आणि कमंडलू हिसकावीत, परत देऊन पुन्हा ओढून घेत, तो भिक्षान्न खाऊ लागला की ते विटाळीत, त्याला दोरीने बांधीत. तो मात्र विचार करीत राहिला. माझ्या दुःखाचे कारण कोण? ही माणसे, देवता, आत्मा, ग्रह, कर्म की काळ? एकेक कारण तपासून त्याने बाजूला सारले आणि शेवटी आपल्या मनापाशीच येऊन थांबला. आपल्याच दातांखाली आपली जीभ सापडली, तर रागवावे कोणावर? दात पाडून का कोणी जिभेचा सूड घेतो? सर्वत्र एकच आत्मा आहे, हे ज्याला उमगले त्याला शत्रू म्हणून वेगळा कोणी उरतच नाही.

येथे चोखंदळ श्रोता विचारील, ‘बुवा, मग अन्याय मुकाट्याने सोसावा काय?’ शंका योग्य आहे. तिचे उत्तर नाथांच्या चरित्रातच मिळते. गोदेच्या तापलेल्या वाळवंटात, त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाचे एक मूल रडत होते. नाथांनी त्याला कडेवर घेऊन घरी पोहोचविले. श्राद्धाचे अन्न त्यांनी उपेक्षितांना वाढले. रामेश्वरासाठी नेत असलेले गंगोदक तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. निंदेची आणि बहिष्काराची भीती त्यांनी बाळगली नाही. भक्तपरंपरेने जपलेल्या या कथांचा अर्थ स्पष्ट आहे. अपराध स्वतःचा झाला, तेव्हा नाथ क्षमाशील झाले. दुःख दुसऱ्याचे होते, तेव्हा ते क्षणभरही स्वस्थ बसले नाहीत. दुसऱ्याच्या पाठीवरचा वळ परस्पर ‘माफ’ करण्याचा अधिकार आपल्याला नाही. तेथे धावून जाणे हीच करुणा, आणि धावून जातानाही मनात विष न ठेवणे ही अहिंसा.

आपले काय होते? बांधाच्या वीतभर जमिनीवरून सख्खे भाऊ पिढ्यान्‌पिढ्या बोलत नाहीत. एका शब्दावरून जोडलेले सोयरसंबंध तुटतात. जातीच्या आणि धर्माच्या नावाने, ज्याला कधी पाहिलेही नाही अशा माणसाचा द्वेष आपण जोपासतो. त्याचे नुकसान होवो न होवो, आपली झोप मात्र निश्चित उडते. विस्तव दुसऱ्यावर फेकण्यासाठी हाती धरला, तरी पहिला फोड आपल्याच तळव्याला येतो.

पैठणच्या उत्सवाची सांगता अष्टमीला काल्याने होते. काल्यात कोणाचे दही, कोणाचे पोहे, हे निवडता येत नाही. म्हणूनच तो प्रसाद ठरतो. वाचकहो, यंदा त्या प्रसादातील एक घास, ज्याच्याशी आपला अबोला आहे त्याच्या घरी नेऊन द्यावा. तो घेईल किंवा दार लावील. दार लावले, तर नाथांची वाट आठवावी आणि पुन्हा एकवार जावे. नाथषष्ठीचे खरे कीर्तन तेथूनच सुरू होईल.