स्थळं यायला लागतात तेव्हा

दोन मुली गळ्यात गळे घालून कॉलेजात फिरल्या, तर आपल्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. मुलगी एखाद्या मुलाशी बोलताना दिसली म्हणून घर डोक्यावर घेणारे आईवडील तिला मैत्रिणीकडे मुक्कामाला निर्धास्त पाठवतात. या मोकळिकीत अनेक समलिंगी मुलींना पहिलं प्रेम भेटतं. पण घरात, पुस्तकात, सिनेमात तसं सहसा कुणी दिसत नाही. मग वाटतं, असं वाटणारी जगात मी एकटीच.

खरा पेच शिक्षण संपून स्थळं यायला लागल्यावर पडतो. मुलगा चांगला, घर चांगलं, तरी मन होकार देत नाही. कित्येकींना स्वतःची ओळख पटते ती या नकारातून.

'मित्राची गोष्ट' या नाटकातून विजय तेंडुलकरांनी ही घुसमट १९८१ मध्ये मराठी रंगभूमीवर आणली. तिथे मित्रा या नायिकेच्या वाट्याला एकटेपण आलं. पुढे १९९५ मध्ये मुंबईत समलिंगी स्त्रियांचा 'स्त्री संगम' हा गट उभा राहिला. १९९८ मध्ये दोन स्त्रियांच्या प्रेमावरच्या 'फायर' या चित्रपटावरून मुंबई-दिल्लीत चित्रपटगृहांची तोडफोड झाली, तेव्हा दिल्लीत समलिंगी स्त्रिया फलक घेऊन रस्त्यावर उतरल्या. आपल्यासारखी दुसरी बाई दिसली की मनातला दोष गळून पडायला सुरुवात होते.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. पण या मुलींना कायद्यापेक्षा घरच्यांचं भय मोठं. फोन काढून घेणं, कोंडून ठेवणं, घाईने लग्न लावणं, घर सोडलंच तर पोलिसांत 'बेपत्ता' म्हणून तक्रार. म्हणूनच मार्च २०२४ मधले सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश मोलाचे आहेत: अशा प्रकरणांत न्यायाधीशांनी मुलीशी एकांतात बोलावं आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलू पाहू नये. मात्र याच न्यायालयाच्या २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाचा हक्क नाकारला गेल्याने जोडीदार कायद्याने पत्नी ठरत नाही.

अशा वेळी स्वतःची कमाई आणि विश्वासाचं एक माणूस, या दोन गोष्टी मुलीला तारतात. पहिली तिला मिळवावी लागते. दुसरी व्हायला आई, मावशी, मोठी बहीण, शिक्षिका, कुणीही पुरतं. ती लग्नाला नाही म्हणाली, तर पुढचं स्थळ शोधण्याआधी तिला वेळ द्या. ती बोलली, तर डॉक्टर गाठू नका. हा आजार नाही. तिचं ऐका, आणि ही गोष्ट कुणाला कधी सांगायची, ते तिलाच ठरवू द्या.