सव्वातीन शेरांची पायली, अर्थात आमच्या संगणकाचे स्थलांतर

बाजारातून पायलीभर तांदूळ आणावेत आणि घरी येऊन मापून पाहावेत, तो सव्वातीन शेरच भरावेत. अशा वेळी घरच्या बाईच्या मनात पहिला विचार कोणता येईल? वाण्याने माप मारले, हाच! २०२५ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी नेमके हेच घडले. फरक इतकाच, की जिन्नस तांदूळ नव्हता, संगणकाची मेमरी होती.

मित्रहो, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबांचे शिक्षण सातवीपर्यंत, आईचे सहीपुरते. मी अकरावीत असताना मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या माझ्या मामांनी एका कचेरीतून मोडीत निघालेला संगणक विकत घेतला आणि सरळगाव-किन्हवलीच्या रस्त्याने टेम्पोत घालून आमच्या शहापूर तालुक्यातल्या घरी आणून दिला. त्यात विंडोज ७ ही कार्यप्रणाली होती आणि २ जीबी मेमरी. यंत्र इतके मंद, की चालू करून चहा ठेवावा आणि चहा पिऊन झाल्यावर कामाला बसावे. शेवटी आईने भातकापणीच्या मजुरीतले पैसे काढून दिले आणि मी कल्याणहून आणखी २ जीबीची पट्टी आणून बसवली. दोन आणि दोन चार. पण पडद्यावर अक्षरे उमटली ती अशी : बसवलेली मेमरी ४ जीबी, वापरता येण्याजोगी ३.२५ जीबी.

आई म्हणाली, “माप मारलं गं तुला.” मी दुसऱ्याच दिवशी दुकानदाराशी भांडायला निघणार होते. मामा फोनवर म्हणाले, “भांडायला जाशील ती आधी चौकशी करून जा.” मी चौकशी केली आणि बरे झाले, भांडायला गेले नाही. दुकानदार निर्दोष होता. दोष होता तो आकड्यांच्या घरांचा. ती चौकशी मला कुठे घेऊन गेली, ते ह्या लेखात सांगायचे आहे.

संगणकाची मेमरी म्हणजे एक प्रचंड गाव आहे असे समजा. त्यातल्या प्रत्येक घरात एक बाइट, म्हणजे साधारण एका इंग्रजी अक्षराएवढी माहिती राहते. माहिती ठेवायची वा आणायची, तर संगणकाच्या प्रोसेसरला घराचा क्रमांक माहीत हवा. आता कल्पना करा, की आपल्या ग्रामपंचायतीच्या वहीत घरक्रमांकासाठी दोनच रकाने छापले आहेत. मग ०० पासून ९९ पर्यंत शंभरच घरांची नोंद होईल. एकशेएकावे घर गावात उभे असेल, त्यात माणसे नांदत असतील, पण पोस्टमनच्या लेखी ते घर नाहीच! संगणकाचेही असेच असते. मात्र त्याच्या रकान्यात ० ते ९ असे दहा अंक बसत नाहीत. ० किंवा १ एवढेच बसतात. ह्या एका रकान्याला ‘बिट’ म्हणतात. एका बिटात दोन क्रमांक होतात, दोन बिटांत चार, तीन बिटांत आठ. एकेक रकाना वाढला की गाव दुप्पट होते.

ह्या हिशेबाने ३२ रकान्यांत ४,२९,४९,६७,२९६ घरांचे क्रमांक लिहिता येतात. एवढ्या बाइट म्हणजेच बरोबर ४ जीबी. मग माझे ४ जीबी पुरते का दिसू नयेत? कारण गावात सगळे क्रमांक राहत्या घरांना मिळत नाहीत. काही देवळाला जातात, काही शाळेला, काही चावडीला. त्याप्रमाणे पडदा, जाळ्याचे कार्ड वगैरे भागांशी बोलण्यासाठीही प्रोसेसरला क्रमांक लागतात आणि ते ह्याच चार अब्जांतून काढून ठेवलेले असतात. आमच्या यंत्रात असे पाऊण जीबीचे क्रमांक आधीच राखीव होते. मेमरी होती, पण तिला पत्ता नव्हता. तांदूळ चार शेरच होते. मापाचे तोंडच सव्वातीन शेरांचे होते.

हे मापही काही आरंभापासून एवढे नव्हते. इंटेल ह्या अमेरिकन कंपनीचा १९७१ सालचा ४००४ हा प्रोसेसर एका वेळी चारच बिटांचा व्यवहार करी. १९७८ च्या ८०८६ ने तो १६ बिटांवर नेला आणि १९८५ च्या ८०३८६ ने ३२ वर. त्या काळी घरगुती संगणकाला ४ जीबी मेमरी लागेल हे कुणाच्या स्वप्नातही नसावे. पुढे २००३ मध्ये एएमडी ह्या कंपनीने असा ६४ बिटांचा प्रोसेसर बाजारात आणला, की ज्याला जुनी ३२ बिटांची भाषाही समजे. आज आपण वापरतो ते बहुतेक घरगुती संगणक ह्याच वंशातले आहेत. ६४ रकान्यांत मावणारी संख्या वीस अंकी आहे. आजचे प्रोसेसर त्यातले सगळे रकाने पत्त्यासाठी वापरतही नाहीत. तरीही गाव अपुरे पडण्याची भीती नाही.

इथे एक गंमत कळली. आमच्या यंत्राचा प्रोसेसर मुळातच ६४ बिटांचा होता! कचेरीत कुणीतरी त्यावर ३२ बिटांची विंडोज घातली होती, एवढेच. मोठ्या वाड्याच्या एका खोलीत बिऱ्हाड करून राहावे आणि बाकीच्या खोल्यांना कुलूप असावे, तशी ती गत. तेव्हा कुणाला आपल्या घरच्या यंत्राचे स्थलांतर करायचे असेल, तर पहिली गोष्ट ही तपासावी. विंडोज १० मध्ये यंत्राच्या माहितीच्या पानावर ‘३२ बिटांची कार्यप्रणाली, एक्स-६४ प्रोसेसर’ अशा अर्थाची ओळ दिसली, तर समजावे की कुलूप उघडता येईल. प्रोसेसरच ३२ बिटांचा असेल, तर मात्र उपाय नाही.

दुसरा प्रश्न असा, की स्थलांतर करावेच का? वेग दुप्पट होईल ह्या आशेने करू नये; तसे होत नाही. उलट पत्ते लांबल्यामुळे ६४ बिटांची कार्यप्रणाली थोडी जास्तच मेमरी खाते. ज्यांच्याकडे १ वा २ जीबीच मेमरी आहे, त्यांना मेमरीच्या दृष्टीने लाभ काहीच नाही. खरे कारण निराळे आहे. जुन्या वस्तीकडे येणारी वाटच मोडत चालली आहे. विंडोज ७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे १४ जानेवारी २०२० रोजी थांबले. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ केवळ ६४ बिटांचीच आहे आणि तीही आमच्यासारख्या जुन्या प्रोसेसरला आपल्या दारात उभे करीत नाही. लिनक्स कुटुंबातली डेबियन ही कार्यप्रणाली मोफत मिळते आणि जुन्या यंत्रांना आजवर तिचा मोठा आधार होता. पण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तिच्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या जुन्या संगणकांसाठी तिची स्थापना-प्रतही निघेनाशी झाली. मी ह्याच डेबियनची ६४ बिटांची प्रत निवडली. आमच्याकडे मोबाइलची रेंज धड नसते, म्हणून ती मामांच्या घरी मुरबाडला उतरवून पेनड्राइव्हवर घेतली.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. विंडोज ७ वरून विंडोज १० वर जाताना फायली जागच्या जागी ठेवून जाता येत असे. ३२ बिटांवरून ६४ बिटांवर मात्र विंडोजमध्येसुद्धा असे अलगद जाता येत नाही. प्रिंटरशी, पडद्याशी बोलणारे छोटे कार्यक्रम, ज्यांना ‘ड्रायव्हर’ म्हणतात, ते आणि कार्यप्रणालीचा गाभा ही सगळी नव्या मापाची लागतात. म्हणून पाटी कोरी करूनच नवी स्थापना करावी लागते. मी तर घराणेच बदलत होते. हे आईला समजावून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “मग घर शाकारण्याआधी कणगी बाहेर काढतात, तसं तुझं धान्य आधी बाहेर काढ.” संगणकाच्या पुस्तकांत ह्यालाच ‘बॅकअप’ म्हणतात. आईने तो शब्द कधी ऐकलेला नाही.

आमच्या कणगीत काय होते? सिनेमाची गाणी होती, फोटो होते. ती गेली असती तरी चालले असते. पण त्यात माझ्या आजीच्या जात्यावरच्या ११२ ओव्या होत्या. बारावीच्या सुट्टीत आजीजवळ बसून मी त्या वहीत उतरून घेतल्या आणि संगणकावर आधीपासून असलेल्या एका जुन्या मराठी टंकलेखन-कार्यक्रमात टंकून ठेवल्या. त्यानंतर आजी गेली. २०२५ च्या पावसात छपरातून गळलेल्या पाण्याने ती वही भिजली आणि शाई पसरून पाने निळी झाली. म्हणजे ओव्यांची उरलेली एकच प्रत त्या यंत्रात होती. मी ती पेनड्राइव्हवर घेतली, एक नक्कल मामांच्या मोबाइलवर ठेवली आणि निर्धास्त मनाने जुनी पाटी पुसली.

तासाभरात नवी कार्यप्रणाली उभी राहिली. मेमरी चाराला थोडी कमी, म्हणजे जवळजवळ भरली पायली दिसली. पडद्यासाठी लागते तेवढीच ती वापरत होती. मी हौसेने ओव्यांची फाइल उघडली आणि हातपाय गार पडले. एकही मराठी अक्षर नाही! सगळीकडे इंग्रजी अक्षरे, कंस, स्वल्पविराम आणि टक्क्यांची चिन्हे विस्कटून पडलेली.

हा ६४ बिटांचा अपराध नव्हता. त्या जुन्या कार्यक्रमाने फाइलमध्ये मराठी कधी लिहिलेच नव्हते. तो आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक लिही आणि पडद्यावर दाखवताना त्या क्रमांकांना देवनागरीचा मुखवटा चढवी. तो मुखवटा म्हणजे फाँट. नव्या घरात तो फाँट नव्हता आणि मुखवट्याखालचा चेहरा उघडा पडला. फाँट पुन्हा बसवून अक्षरे दिसली असती. पण त्यात भर घालायची, तर तो कार्यक्रम हवा आणि तो जुन्या विंडोजसाठीच बनलेला. शिवाय दुसऱ्या कुणाला फाइल पाठवली, की पुन्हा हाच गोंधळ.

ह्यावरचा खरा उपाय म्हणजे युनिकोड. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक देणारी ही योजना १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यातली देवनागरीची मांडणी आपल्याच देशात तयार झालेल्या ‘इस्की’ ह्या संकेतावर बेतलेली आहे. युनिकोडमध्ये ‘क’ हा मुंबईत, मुरबाडात आणि अमेरिकेतही ‘क’च असतो, मग यंत्र कोणत्याही मापाचे असो.

जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेणारे मोफत परिवर्तक मिळतात. मीही तसाच एक वापरला. पण मराठीच्या अभ्यासकांना रस वाटेल अशी अडचण पुढेच आली. जुन्या पद्धतीत डोळ्याला दिसते तसे लिहिले जाई : ‘किती’मधली पहिली वेलांटी आधी, ‘क’ मागाहून. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर. ‘धर्म’मधला रफार जुन्या पद्धतीत ‘म’ लिहून झाल्यावर ठेवीत. युनिकोडमध्ये ‘र’ हा ‘म’च्या आधीच येतो, जसा तो तोंडात येतो. परिवर्तकाची गफलत नेमकी इथे झाली. काही वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या, ‘वऱ्हाडी’ आणि ‘कुऱ्हाड’ तर ओळखू येईनात. ११२ ओव्या एकेक करून तपासल्या. सहा ओव्यांतले शब्द काही केल्या लागेनात. तेव्हा म्हशाजवळ राहणाऱ्या आत्याकडे गेले. आत्याला वाचता येत नाही. मी ओळीचा आरंभ केला की ती डोळे मिटून पुढची म्हणे आणि अडलेला शब्द आपोआप जागेवर येऊन बसे. सहापैकी पाच ओव्या अशा सुटल्या. सहाव्या ओवीतला शब्द आत्यालाही आठवला नाही. तिथे मी रिकामी जागा सोडली आहे.

आता त्या ओव्या युनिकोडमध्ये आहेत आणि तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. मी इन्स्क्रिप्ट कळपाट शिकते आहे. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला येतात, हे एकदा ध्यानात आले की हात लवकर बसतो.

मित्रहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी असेच एखादे जुने यंत्र असेल. त्याचे स्थलांतर जरूर करा. प्रोसेसर तपासा, मेमरी पाहा, नवी प्रत आणा. पण त्याआधी आपल्या फायली बाहेर काढा, आणि नुसत्या काढू नका, तर दुसऱ्या एखाद्या यंत्रावर उघडूनही पाहा. मी ते केले नव्हते. कार्यप्रणाल्या येतील आणि जातील, ६४ चे मापही कदाचित कधीतरी बदलेल. आपले धान्य मात्र कोणत्याही मापात ओतता येईल असे असावे, एवढेच मला ह्या सव्वातीन शेरांच्या पायलीने शिकवले.

— द्वितीय वर्ष, कला