टेरियर हट्टी नसतो, त्याचा मोबदला चुकतो

कुत्र्यांच्या आज्ञापालन स्पर्धांमध्ये छोट्या टेरियरांबद्दल एक ठरलेले मत आहे: हुशार खरे, पण हट्टी. जॅक रसेल, यॉर्कशायर, केर्न, वेस्ट हायलंड, कोणतीही जात घ्या, शेरा तोच. १९९४ मध्ये या मताला यादीचाही आधार मिळाला. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी अमेरिका-कॅनडातील सुमारे दोनशे स्पर्धा-परीक्षकांकडून माहिती घेऊन जातींची क्रमवारी लावली. तीत बॉर्डर कॉली पहिला आला, पूडल दुसरा, आणि बहुतेक टेरियर मधल्या किंवा खालच्या फळीत गेले. कुत्रा घेताना लोक आजही ही यादी चाळतात. पण तिने नेमके काय मोजले, हे फारसे कोणी विचारत नाही. नवी आज्ञा किती वेळा सांगितल्यावर कळते आणि कळलेली आज्ञा पहिल्याच हाकेला किती वेळा पाळली जाते, एवढेच त्यात पाहिले होते. हा बुद्धीचा एकच प्रकार आहे, हे खुद्द कोरेन यांनीही स्पष्ट केले होते. माझ्या मते टेरियरच्या शिकण्यात खोट नाही. कामाच्या बदल्यात आपण त्याला जे देऊ करतो, त्याचे त्याला मोल वाटत नाही, आणि आपण त्यालाच हट्ट म्हणतो.

शिकण्याच्या शास्त्राची सुरुवातच एका छोट्या टेरियरपासून झाली, असे म्हटले तर ते फार चुकीचे ठरणार नाही. ब्रिस्टलमधील प्राध्यापक कॉनवी लॉइड मॉर्गन यांचा टोनी नावाचा फॉक्स टेरियर फाटकाची कडी डोक्याने उचलून रस्त्यावर पळायचा. पाहणाऱ्याला वाटे, याला कडीचे तंत्र उमगले आहे. मॉर्गन यांनी मात्र हे कौशल्य घडताना सुरुवातीपासून पाहिले होते. टोनी गजांमधून डोके घालून बाहेर बघायचा. एकदा कडी योगायोगाने उचलली गेली, फाटक उघडले, आणि पुढे हळूहळू निरुपयोगी हालचाली गळून पडत नेमकी तेवढीच उरली. १८९४ च्या आपल्या ग्रंथात मॉर्गन यांनी नियम मांडला की, साध्या कारणाने उलगडा होत असेल तर प्राण्याच्या माथी वरच्या पायरीची बुद्धी मारू नये. चारच वर्षांनी अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांना पेटीत ठेवून हीच प्रक्रिया मोजली. टोनीला कोणी खाऊ दिला नव्हता, शाबासकीही नाही. फाटकापलीकडचा रस्ता हाच त्याचा मोबदला होता.

टेरियरला हे असले मोबदले का हवेत, याचे उत्तर त्याच्या घडणीत आहे. जॉन रसेल यांनी ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना, १८१९ मध्ये, ट्रम्प नावाची टेरियर कुत्री विकत घेतली. जॅक रसेल जातीची कुळी तिच्यापासून सांगतात. या कुत्र्यांचे काम बिळात शिरून कोल्ह्याला बाहेर काढण्याचे. बिळात अंधार, समोर दात विचकणारा प्राणी, आणि मालक कित्येक फूट मातीच्या वर. तिथे हुकमाची वाट पाहणारे कुत्रे कुचकामी. जे स्वतः निर्णय घेई आणि माघार घेत नसे, त्याचीच पैदास पिढ्यान्‌पिढ्या झाली. मेंढ्या राखणाऱ्या कॉलीचे काम उलट होते. त्याला धन्याच्या शिट्टीवर वळावे लागे. शिकारीची साखळी शोध, टक लावणे, पाठलाग, झडप, चावा अशी चालते. कॉलीमध्ये ती पाठलागापाशी आवरली गेली, टेरियरमध्ये शेवटच्या कड्या शाबूत राहिल्या.

स्पर्धेच्या रिंगणात याचा प्रत्यय डंबेल आणण्याच्या कसोटीत येतो. कुत्र्याने फेकलेला डंबेल सरळ जाऊन उचलायचा, न चावता परत आणायचा, मालकासमोर बसून हातात द्यायचा. टेरियर धावतो छान, उचलतोही, आणि मग उंदराची मान मोडावी तशी डंबेलला दोन झटके देतो. तिथे गुण कापले जातात. मालक म्हणतो, मुद्दाम करतो. पण मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचे शिष्य केलर आणि मेरियन ब्रेलँड यांनी १९६१ मध्येच याचे स्पष्टीकरण दिले होते. त्यांनी रकूनला नाणी पेटीत टाकायला शिकवले. एक नाणे असेपर्यंत जमले. दोन देताच तो ती टाकायची सोडून अन्न धुतल्यासारखी एकमेकांवर घासत बसे, आणि त्यामुळे खाऊ हुकत असूनही ही सवय वाढतच गेली. खाऊशी जोडलेल्या वस्तूवर अन्नासाठीची उपजत वागणूक उतरते. उपजत ओढ शिक्षेने पुसली जात नाही. तिला मात्र कामाच्या नंतर जागा देता येते. डेव्हिड प्रिमॅक यांचे तत्त्व इथे लागू पडते: प्राणी जे आपणहून वारंवार करतो, ते तो जे कमी करतो त्याचे बक्षीस होऊ शकते. डंबेल क्षणभर स्थिर धरला की ‘बरोबर’ असे सांगणारा खुणेचा क्लिक, आणि लगेच चिंधीची रस्सीखेच. झटके द्यायचे ते चिंधीला. टेरियरच्या मोबदल्याविषयी मी जे म्हणतो आहे, ते सारे या एका देवाणघेवाणीत आहे.

यावर आक्षेप आहेत, आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. पहिला मेंदूचा. २०१९ मध्ये हजारो कुत्र्यांच्या नोंदींवरून असे दिसले की मोठ्या मेंदूच्या जाती अल्पकालीन स्मृती आणि आत्मसंयम यांत सरस ठरतात. हे मान्य करायला हवे. छोट्या कुत्र्याला ‘थांब’ शिकवताना सुरुवातीचा अवधी दोन-तीन सेकंदांचाच ठेवावा, एवढा त्याचा व्यावहारिक अर्थ. पण त्याच पाहणीत आकलनाच्या इतर अंगांचा मेंदूच्या आकाराशी असा संबंध आढळला नाही. शिवाय २०१० मध्ये व्हिएन्नातील संशोधकांनी बाराशेहून अधिक मालकांची पाहणी केली, तेव्हा छोटी कुत्री कमी आज्ञाधारक निघाली खरी, पण त्यांचे मालकही वागण्यात कमी सुसंगत होते आणि त्यांच्याबरोबर खेळ-शिक्षणही कमी करत होते. तीन किलोचे कुत्रे अंगावर उडी मारते तेव्हा आपण हसतो, तीस किलोचे मारते तेव्हा शिकवणी लावतो.

दुसरा आक्षेप माझ्या युक्तिवादाच्या मुळाशी जातो. २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या, अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या अभ्यासात एकेका कुत्र्याच्या वागणुकीतील फरकांपैकी फक्त सुमारे ९ टक्के फरक जातीने स्पष्ट होतो, असे निघाले. मग टेरियरपणाचा एवढा बाऊ कशाला? याचे उत्तर त्याच अभ्यासात आहे. माणसाचे ऐकण्याची तयारी हा गुण इतर गुणांपेक्षा जातीशी अधिक जोडलेला आढळला. त्यामुळे जात हा पहिला अंदाज म्हणून घ्यावा आणि समोरच्या कुत्र्याला पाहून तो दुरुस्त करावा. तिसरा आक्षेप जुन्या वळणाच्या शिक्षकांचा: टेरियरला कडक हातच लागतो. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ओढाताण-ओरडा करणाऱ्या वर्गांतील कुत्र्यांमध्ये शिकवणीनंतर ताणाचे संप्रेरक वाढलेले आढळले आणि ती संदिग्ध प्रसंगात निराश अंदाज बांधू लागली. अशा कुत्र्याकडून रिंगणात उत्साह कुठून येणार?

कुत्र्याला करामती शिकवणे म्हणजे सर्कस, असेही काही जण म्हणतात; ते मला सर्वांत कमी पटते. दुसऱ्या महायुद्धात स्मोकी नावाची जेमतेम १.८ किलोची यॉर्कशायर टेरियर सैनिकांच्या इस्पितळांत करामती दाखवायची. १९४५ मध्ये फिलिपिन्सच्या लिंगायेन धावपट्टीखालच्या ७० फूट लांब, ८ इंच व्यासाच्या, जागोजागी माती साचलेल्या नळातून टेलिफोनची तार न्यायची होती. तार तिच्या गळपट्ट्याला बांधली, तिचे मालक बिल विन यांनी पलीकडच्या टोकाहून हाक मारली आणि ती आरपार गेली. अरुंद अंधारात पुढे सरकणे हे टेरियरचे वडिलोपार्जित काम, आणि हाकेसरशी येणे हे स्पर्धेतले. दोन्ही एकत्र आले, कारण शिकवणाऱ्याने तिला शिकणे आवडेल असे शिकवले होते.

अमेरिकन केनेल क्लबने आज्ञापालनाच्या कसोट्या १९३६ मध्ये सुरू केल्या. त्यांतील पहिल्या किताबासाठी २०० पैकी किमान १७० गुण तीनदा मिळवावे लागतात आणि रिंगणात खाऊ चालत नाही. करामतींचे किताब २०१७ मध्ये आले. त्यांच्या पहिल्या पायरीला यादीतून निवडलेल्या १० करामती पुरतात आणि बक्षीस म्हणून खाऊही देता येतो. टेरियरने करामतींनी सुरुवात करून मग आज्ञापालनाकडे वळावे, हा क्रम मला शास्त्राला धरून वाटतो. फक्त यॉर्कशायरसारख्या जातींत गुडघ्याची वाटी सरकण्याचा दोष आढळतो, म्हणून मागच्या पायांवर उभे राहण्याच्या करामती पशुवैद्याला विचारूनच घ्याव्यात. सरावही थोडका ठेवावा. डेन्मार्कमध्ये बीगल कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगात आठवड्यातून एक-दोनदाच शिकवलेली कुत्री रोज शिकवलेल्यांपेक्षा कमी पाठांत शिकली.

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये ज्यांच्याकडे असा छोटा टेरियर आहे, त्यांनी एक आठवडा फक्त निरीक्षण करावे. मोकळा सोडल्यावर तो काय हुंगतो, काय ओढतो, कशामागे धावतो, ते लिहून काढावे. मोबदल्याची यादी तीच. मग ‘शोध’ ही आज्ञा आधी शिकवा आणि ‘बस’ नंतर. खाऊचा तुकडा मुगाच्या दाण्याएवढाच ठेवा, म्हणजे पोट भरण्याआधी पाठ पुरा होईल.